हॉलमधला गोल्फ आणि माझी कंबर

हे मी बसून लिहितोय. ज्याची कंबर कधी गेली नाही त्याला या वाक्यात काही विशेष दिसणार नाही. ज्याची गेलीय त्याला बरोबर कळेल. मागचा अख्खा पावसाळा मी एकतर आडवा होतो, नाहीतर उभा. जेवायचो उभ्यानं, पेपर वाचायचो उभ्यानं, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना "बसा ना" म्हणताना माझाच जीव जळायचा.

लिहायला लावलं ते माझ्या फिजिओथेरपिस्टनं, मृण्मयीनं. पोरगी माझ्या मुलीएवढी, पण हुकूम हेडमास्तरीणबाईंसारखे. म्हणाली, "काका, तुम्ही लिहाच. माझ्याकडे पेशंट येतात ते दुखण्यानं कमी आणि घाबरून जास्त अर्धे झालेले असतात." म्हणून हा उद्योग. यात औषधांची नावं नाहीत. ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला विचारू नका, आणि मेव्हण्याला तर मुळीच विचारू नका.

डोंबिवलीत कसला आलाय गोल्फ

मी डोंबिवलीला लागून कोपरला राहतो, ठाण्यात एका रंगांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे आणि गोल्फ खेळतो. पहिल्या दोन गोष्टींना लोक मान डोलावतात. तिसरी ऐकली की हसतात. हसू द्या, मलाही आधी हसूच आलं होतं.

झालं असं की कंपनीत परदेशी पाहुणे आले होते. आमचे तेव्हाचे साहेब त्यांना खेळायला घेऊन गेले आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला, रस्ता सांगायला, पडेल ते करायला मला बरोबर नेलं. त्यातल्या एका पाहुण्यानं गंमत म्हणून माझ्या हातात काठी दिली. आधी मी नुसती माती उकरली. मग एक फटका असा काही बसला की विचारू नका. खट्ट असा कोरडा आवाज आला, हाताला काही म्हणजे काही जाणवलं नाही, आणि चेंडू गेला तो गेलाच. पंचेचाळिशीच्या माणसाला कशाचं तरी इतकं वेड लागावं, माझं मलाच कळेना. साहेब रिटायर झाले तेव्हा त्यांनी त्यांची जुनी बॅग, त्यातल्या उरलेल्या काठ्यांसकट, मला देऊन टाकली.

रविवारी ठाण्याला घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला जाळी लावलेलं एक सरावाचं मैदान आहे, तिथे जायचो. पण एका रविवारानं काय होतंय? म्हणून रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी हॉलमध्ये सराव. चेंडू नाही, नुसती काठी फिरवायची. आमचा हॉल म्हणजे तुम्हाला माहीतच असेल, डोंबिवलीतले सगळे हॉल एकाच साच्यातले. एका बाजूला दिवाण, मध्ये टीपॉय, मागे शोकेस आणि वर पंखा. पहिल्याच आठवड्यात माझी काठी चालत्या पंख्याला लागली. खाडकन आवाज, एक पातं वाकलं, आणि तेव्हापासून तो पंखा फिरताना टक-टक, टक-टक करतो. बदलायचा बदलायचा म्हणत राहूनच गेलं. पण त्या दिवसापासून घरात एक रिवाज पडला.

"मीनल, पंखा बंद कर गं!"

"केला!"

मग मी काठी फिरवायचो. मे महिना असला की घामाच्या धारा. थोड्या वेळानं स्वयंपाकघराकडून आवाज यायचा, "झालं का? आता लावू?"

"थांब, अजून एक!"

हा "अजून एक" कधीच एक नसायचा. मीनल, म्हणजे माझी बायको, सहकारी बँकेत काउंटरला असते. दिवसभर लोकांचं "मॅडम, फक्त एक मिनिट" ऐकायची तिला सवय आहे, म्हणून निभावलं.

शिंक

गोल्फ खेळताना कंबर गेली असती तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं. माझी गेली ती दात घासताना. बेसिनवर वाकलो होतो, तोंडात फेस, आणि आली शिंक. कंबरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि डाव्या पायातून खालपर्यंत अशी काही कळ गेली की मी ब्रश तोंडात धरूनच खाली बसलो. बसलो म्हणजे पडलो. मीनल धावत आली. मला बोलता येईना, तोंडात पेस्ट. तिला वाटलं अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालंय का ते बघायला ती बिचारी मला म्हणायला लागली, "हसून दाखवा, हात वर करून दाखवा!" त्या अवस्थेत मी बायकोला हसून दाखवलं, हे नोंद करून ठेवतो.

एमआरआय झाला. त्या नळकांड्यात आडवं पडून ठकठक ऐकताना मी हिशोब करत होतो, पुढच्या रविवारी जमणार नाही, त्याच्या पुढच्याला जमेल. माणूस किती मूर्ख असतो बघा.

डॉक्टर वयस्कर, शांत. फोटो दिव्याला धरून त्यांनी कंबरेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकलेली दाखवली. मला त्यात काही कळलं नाही. मग म्हणाले, "टाचांवर चालून दाखवा." उजव्या टाचेवर उभा राहिलो. डाव्या पायाचा पंजा उचलेचना. "अंगठा वर करा," म्हणाले. मी वर केला. म्हणजे मला वाटलं केला. खाली बघितलं तर अंगठा जागच्या जागी, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

खरं सांगतो, कळा येत होत्या तेव्हा मी घाबरलो नव्हतो. तो अंगठा बघितला आणि घाबरलो. मी परत हुकूम सोडला, परत सोडला. काही नाही. मीनल माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी अंगठ्याकडे.

"नस दबलीय," डॉक्टर म्हणाले. "आधी ॲडमिट व्हा, दुखणं आटोक्यात आणू. मग दीड महिना वाट बघू. ताकद परत यायला लागली तर उत्तमच. नाही आली किंवा वाढलं, तर ऑपरेशन."

"आणि ऑपरेशननं परत येते ना?" मीनलनं विचारलं.

"बहुतेक वेळा येते," डॉक्टर म्हणाले. त्या "बहुतेक"वर आम्ही दोघांनी पुढचे कितीतरी दिवस काढले.

कॉट, भांडं आणि मांदेली

हॉस्पिटलात गेल्यावर पहिली जाते ती लाज. उजाडतं न उजाडतं तोच सिस्टर येऊन अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "काका, शी झाली का?" पहिल्या दिवशी मला चादरीत शिरावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मीच अभिमानानं सांगायला लागलो, "झाली!" आडवं पडून भांड्यात लघवी करणं ही एक वेगळीच कला आहे. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो, घाई करू नका आणि नळ सोडून ठेवायला सांगा.

शेजारच्या कॉटवर कळव्याचे एक कोळी आजोबा होते. जेट्टीवर घसरून पाय मोडलेला, प्लास्टर मांडीपर्यंत. मी सारखं चादरीबाहेर पाय काढून अंगठ्याकडे बघतोय हे त्यांनी टिपलं होतं.

"काय बघतंस रं सारखा? पलून जातंय काय तो?"

मी सांगितलं, अंगठा हलत नाही म्हणून.

"मंग हलंल. झोपलाय त्यो. तू त्याच्याकरं असा डोले वटारून बघतंस, कसा उठंल?"

दुपारी त्यांची सून मासळीचा डबा घेऊन यायची. आम्हाला हॉस्पिटलचा दुधी. आमच्या घरात मासे चालतात म्हणणं कमी पडेल, धावतात. एके दिवशी आजोबांनी माझ्या नाकपुड्या हलताना बघितल्या असाव्यात. सुनेला म्हणाले, "दे गो त्याला दोन." तळलेली मांदेली, कुरकुरीत, मी आडवं पडून खाल्ली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दुखण्याचा विसर पडला. एवढ्याशा मासळीत केवढा आधार असतो!

संध्याकाळी मीनल बँकेतून सरळ यायची. एकदा ती स्टुलावर बसली होती, मी पायाकडे बघत होतो. मग एकदम म्हणाली, "एकदा धड उभे राहा. मग त्या काठ्या मी माझ्या हातानं देऊन टाकणार आहे. पन्नाशी उलटली, पुरे झाली ही थेरं."

"शिंक आली म्हणून झालं हे," मी म्हटलं.

"शिंक सगळ्यांना येते. सगळ्यांच्या कंबरा जातात का?"

ती रडायच्या बेतात होती. मी म्हटलं, "दे." म्हटलं खरं, पण तेवढ्यानं मला इतकं वाईट वाटलं की त्याचीच लाज वाटली. इथे पाय वाचेल की नाही याचा पत्ता नाही आणि हा गृहस्थ काठ्यांसाठी हळहळतोय! पण तसं होतं खरं. मला दोन गोष्टींची भीती होती. एक, मला परत नीट चालता येईल का. दुसरी, चालता आलं तरी तो खट्ट आवाज आता परत नाहीच का. पहिली सगळ्यांना सांगता येत होती. दुसरी कुणाला सांगणार?

टक-टक

घरी आलो आणि दिवाणावर पडलो. वर पंखा. टक-टक, टक-टक. त्या पंख्याची एवढी ओळख मला कधीच नव्हती. वाकडं पातं कुठलं हे मी फिरत्या पंख्यातही सांगू शकेन असं वाटायचं.

भेटायला येणाऱ्यांनी जीव खाल्ला. प्रत्येकाकडे एक कंबर होती आणि प्रत्येकाकडे त्यावर खात्रीचा उपाय. मेव्हणा तर कल्याणच्या एका हाडवैद्याची वेळच घेऊन आला. "अहो, पालथं घालतो, पाठीवर पाय देतो, कट्ट आवाज येतो, की माणूस उठून चालायलाच लागतो!" मी म्हटलं, "किंवा कायमचा झोपतो." मेव्हणा रुसला. मीनल दोघांच्या मधे. तिकडून बंगळूरहून आमची सई रोज व्हिडिओ कॉलवर, "बाबा, अंगठा दाखवा." फोनसमोर पाय धरून पडलेला बाप, हा आमच्या घरातला संध्याकाळचा कार्यक्रम झाला.

सगळ्यात छळलं ते चपलेनं. संडासला उठायचो, चार पावलं जायचो की डाव्या पायातली चप्पल मागेच राहायची. पंजाला धरताच यायची नाही. मीनल ती उचलून आणायची, परत पायात घालायची. एकदा ती वाकून चप्पल घालत असताना मी ओरडलो, "राहू दे गं, लहान मूल नाही मी!" ती तशीच वाकलेली थांबली, मग चप्पल घातली आणि आत गेली. मी भिंत धरून उभा. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

मृण्मयी सुरुवातीला घरी येऊन व्यायाम घ्यायची. अंगठ्याला बोट लावायची, "इथे ढकला." मी ढकलायचो. ती म्हणायची, "ढकलताय ना?" असे दिवसच्या दिवस गेले. आणि मग एका सकाळी ती एकदम म्हणाली, "एक मिनिट. परत करा." मी परत केलं. तिनं मीनलला हाक मारली. "काकू, इथे बोट लावा." मीनलनं पिठाचं बोट लावलं.

"हलला," मीनल म्हणाली. "अहो, हलला!"

अंगठ्यावर कणकेचा ठसा उमटला होता. मी तो संध्याकाळपर्यंत पुसू दिला नाही, सईला दाखवायचा होता.

छत्री

इथे शहाण्या माणसानं देवापुढे साखर ठेवली असती आणि गप्प पडला असता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टळलं असं समजू, पण सांभाळा. चप्पल पायात राहायला लागली. मी खाली गेटपर्यंत जाऊन यायला लागलो. आणि एक दिवस मीनल बँकेत गेल्यावर मी दाराच्या मागची लांब छत्री घेतली.

काठ्या माळ्यावर होत्या, तिथवर चढणं शक्य नव्हतं. छत्री काय, वजनाला काहीच नाही. पंखा बंद केला. दिवाण आणि टीपॉयच्या मधे माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. किती बरं वाटलं म्हणून सांगू! हळूच वर नेली. हळूच खाली आणली. एकदा, दोनदा. म्हटलं, अजून एक. आणि त्या अजून एकाला कंबरेत तीच ती ओळखीची वीज चमकली.

मीनल आली तेव्हा मी जमिनीवर होतो आणि छत्री टीपॉयखाली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा छत्रीकडे, एकदा बंद पंख्याकडे. औषध दिलं, शेकायला पिशवी दिली, वरण-भात दिला आणि बोलणं बंद केलं. भांडण परवडतं हो. मीनलचा अबोला म्हणजे घरात नुसती टक-टक.

वर काय आहे?

नशीब, या वेळी अंगठा शाबूत राहिला. पण मृण्मयी अशी काही कावली! दुखणं जरा निवल्यावर तिनं आम्हाला दोघांनाही तिच्या क्लिनिकवर बोलावलं, डोंबिवली पूर्वेला. एक अख्खी भिंत आरसा, मोठी मोकळी खोली. मला वाटलं आता हिच्याकडून शेवटची तंबी. तर तिनं माझ्या हातात प्लास्टिकचा हलका पाइप दिला.

"दाखवा, काय करता ते. पाव वेगानं."

"नको," मीनल म्हणाली. इतक्या दिवसांतला तिचा पहिला शब्द.

"काकू, शिंक नुसतं निमित्त झाली. हे काहीतरी वर्षानुवर्षं चुकीचं करतायत. ते बघितल्याशिवाय मला कसं कळणार?"

मी पाइप फिरवला. मृण्मयीनं मोबाइलवर शूट केलं, बघितलं, परत करायला लावलं. मग तिच्या कपाळाला आठ्या.

"काका, तुमचे पाय का हलत नाहीत? खिळे ठोकलेत का? लोकांचा खुबा वळतो यात, टाच उचलली जाते. तुमचं खाली सगळं सिमेंट. आणि वर आल्यावर मान आत घेऊन बाजूला दुमडताय कशाला? पाय जागेवर, खांदे दुमडलेले, म्हणजे सगळा पीळ कुठे? बरोबर कंबरेत."

"ती माझी स्टाइल आहे," मी म्हटलं.

"स्टाइल?" ती आरशात माझ्याकडे बघून म्हणाली. "वर काय आहे तुमच्या? कशाला घाबरताय?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. मीनल तोंडाला पदर लावून हसत होती. हसू आवरेना तशी उठून पुढे आली.

"अगं मृण्मयी, ते पंखा चुकवतायत!"

ती त्या मोकळ्या खोलीत उभी राहून हातानं दाखवायला लागली. "हे बघ, इथे आमचा दिवाण. इथे टीपॉय. म्हणून पाय हे असे, हलायला जागाच नाही. मागे शोकेस, त्यात सईची बक्षिसं, म्हणून कोपर पोटात. आणि इथे वर पंखा. त्याच्या खालून काठी काढायची म्हणून मान आत. हॉलमध्ये शिकलेत ना! मैदानावरसुद्धा आमचा अख्खा हॉल बरोबर घेऊन जात असणार हे."

मृण्मयीनं परत मोबाइल बघितला आणि कपाळाला हात लावला. मी आरशात बघून पाइप परत वर नेला. वर काही नव्हतं, नुसतं पांढरं उंच छत. तरीही माझी मान आत गेलीच. मला स्वतःचीच कीव आली आणि हसूही आलं.

"पण तुला कसं गं कळलं?" मी मीनलला विचारलं.

"म्हणजे? रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काय करत होते मी? एक डोळा शोकेसवर, एक पंख्यावर. दूध उतू गेलं तरी हलायचे नाही."

मला इतकी वर्षं वाटत होतं की ती बटण बंद करते आणि आत जाऊन आपल्या कामाला लागते. ती उभी असायची. त्या उकाड्यात, पंखा बंद, रोज.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मला त्या काठ्यांचा राग नव्हता हो. तुम्ही ती चप्पल ओढत चाललेलात ना, ते मला बघवत नव्हतं."

मी तिचा हात धरला. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघेना का!

दार कुठून उघडतं

आता जरा कामाचं. गोल्फ सोडून द्या, पण हे वाकून बादली उचलणाऱ्या, नातवाला कडेवर घेणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. मृण्मयी म्हणाली, "काका, दार बिजागरीतून उघडतं. तुम्ही इतकी वर्षं फळीच वाकवत होतात." माणसाची बिजागरी खुब्यात असते, कंबरेत नाही. मला हे कुणी शाळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी नुसतं वाकायला शिकलो. भिंतीपासून वीतभर पुढे उभं राहायचं, पाठ सरळ ठेवायची, आणि मागचा भाग मागे नेऊन भिंतीला टेकवायचा. दिसायला अगदी वाईट दिसतं. मीनल माझ्या शेजारी उभी राहून करायची, "काउंटरवर बसून माझीही धरलीच आहे की" म्हणत. सई फोनवर बघून हसून लोळायची. मग वळणं. छाती वळवायची, खुबा वळू द्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाऊ द्यायचं. शेवटी पोट समोर आणि मागची टाच उचललेली.

मीनलनं एका रविवारी शेजाऱ्यांना बोलावून दिवाण आत हलवला. टीपॉय गॅलरीत गेला. पाहुणे हातात कप धरून चहा पितात, कुणाचं काही बिघडलं नाही. पण गंमत ऐका. दिवाण हलला तरी माझ्या टाचेतला दिवाण काही हलेना. टाच उचलायची म्हटली की पिंढरी आखडायची, आता लागेल, आता लागेल. ते जायला वेळ लागला. दुखणं बरं होतं, पण अंगाची भीती मागे रेंगाळते. तुमचीही रेंगाळेल. तिला हाकलत बसू नका, रोज थोडं करत राहा, ती आपोआप कंटाळते.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला टाचांवर चालायला लावलं. दोन्ही पंजे वर. "खेळा," म्हणाले, "पण शहाण्यासारखे."

मी घरी येऊन गप्प बसलो. वचन दिलं होतं ना. काठ्या माळ्यावर आहेत की गेल्या, विचारायचीही हिंमत नव्हती. शनिवारी मीनलनंच विषय काढला.

"उद्या मी पण येणार आहे मैदानावर."

"काठ्या? तू त्या देऊन टाकणार होतीस ना?"

"देणारच होते. पण डोंबिवलीत घेणार कोण त्या?"

अजून एक

इतक्या वर्षांत ती त्या मैदानावर कधी आली नव्हती. मागे येऊरच्या डोंगराची हिरवी कड, समोर गवत, लांब जाळी. तिनं बॅग आणूच दिली नाही. एकच काठी, तीही तिनं स्वतः हातात धरून आणलेली. मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली, बँकेत मॅनेजरच्या केबिनबाहेर बसतात तशी.

मी चेंडू ठेवला. पाय मोकळे. खुब्यातून वाकलो. काठी वर नेली आणि मान आत गेली. खाली आणली. परत वर नेली, परत तेच. मनात म्हटलं, आत्ता काही झालं, परत ती कळ आली, तर या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा ठेवावी काठी, म्हणावं, चल, इडली खाऊन घरी जाऊ. डाव्या बुटात अंगठा वर-खाली करून बघितला. होता जागेवर. तरी हात उचलेनात. मी नकळत वर बघितलं. वर आभाळ आणि एक घार.

मागून आवाज आला, "बंद केलाय हो! मारा!"

शेजारचा गृहस्थ वळून बघायला लागला. त्याला काय कळणार? मला मात्र असं हसू फुटलं की खांदे, मान, सगळं सैल पडलं. तशीच काठी वर नेली. वर, आणखी वर. आणि सोडली.

खट्ट.

चेंडू फार लांब गेला नाही, अंतराच्या पहिल्या पाटीच्या अलीकडेच पडला. मी तिकडे बघितलंच नाही. माझं पोट समोर होतं आणि उजवी टाच वर उचललेली होती. तसाच उभा राहिलो, कंबर काय म्हणतेय ते ऐकत. काही म्हणाली नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

"झालं का?" मागून मीनलनं विचारलं. तिचाही आवाज जरा ओलाच होता. "आता लावू?"

"थांब गं," मी म्हटलं, "अजून एक!"